सरकारी पिस्तूल: सैनिकाचा आधार की कमरेचं ओझं?

धुरळा:
सरळ लिहितो, पटलं नाही तर खुशाल झोडा. महायुद्धांत सैनिकांना मिळायचं ते पिस्तूल म्हणजे कमरेला लोंबकळणारं ओझं होतं बस. अमेरिकेचं कोल्ट एम१९११ घ्या, रिकामंच १.१ किलो, मॅगझिनमध्ये ७ गोळ्या, आणि धावपळीत ५० मीटरवरचा माणूस टिपायचा म्हणजे नशीबच पाहिजे. लष्करालाही हे कळत होतं, म्हणून तर १९४१ मध्ये एम१ कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) घेतली, तोफखानेवाले, वायरलेसवाले वगैरे लोकांच्या हातात पिस्तुलापेक्षा बरं काहीतरी असावं म्हणून. ६० लाखांच्या वर कार्बाइन बनल्या. पिस्तूल कामाचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

तिरकस:
वायरलेसवाल्याला कार्बाइन दिली म्हणून पिस्तूल सगळ्यांनाच नकोसं होतं, हे कुठलं लॉजिक? पहिल्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक ऑल्विन यॉर्क आठवा. ८ ऑक्टोबर १९१८, आर्गॉनचं जंगल, हातात रायफल आणि समोरून काही जर्मन बेयोनेट लावून अंगावर धावून येतायत. गड्याने कोल्ट काढलं आणि आधी सगळ्यात मागच्याला पाडलं, मग त्याच्या पुढच्याला, असं करत करत पुढे आला. का, तर पुढचा आधी पडला असता तर मागचे थबकून गोळ्या झाडत बसले असते. ओझं म्हणे!

धुरळा:
आलं, यॉर्क आलाच :) लाखो सैनिकांतला एक यॉर्क. बाकीच्यांचं काय?

जुनंखोड:
दोघंही मुळाशी जात नाहीये. कोल्टच्या ४५ बोअरवरचा (म्हणजे ०.४५ इंच जाडीच्या गोळीवरचा) भरवसा यॉर्कमुळे नाही आला, त्याच्या आधी फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याला ३८ च्या, म्हणजे बारीक गोळीच्या रिव्हॉल्व्हरने दगा दिला होता त्यातून आला. मोरो योद्धे (तिथले मुस्लिम लढवय्ये) गोळ्या लागूनही अंगावर येत राहायचे अशा तक्रारी होत्या, मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लगार्ड या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यात जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून बघितल्या आणि ४५ च्या खाली नको असं सांगितलं. आता ते टेस्टिंग कितपत शास्त्रीय होतं यावर आजही भांडणं होतात, पण गोळी मोठी आहे हा धीर सैनिकाला मिळाला तो मिळालाच. पिस्तूल हे निम्मं मनाचंच हत्यार.

मी_अडाणी:
एक शंका. कोल्ट एवढं भारी होतं तर अमेरिकन पोरं जर्मन लुगर पिस्तुलासाठी एवढी जीव का टाकायची?

तिरकस:
अहो ते लढायला नाही, घरी नेऊन मिरवायला आणि विकायला. लुगरचा वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडत वर उठतो, दिसायला झकास, पण चिखल गेला की रुसलंच समजा.

रिकामटेकडा:
रशियन नागांत रिव्हॉल्व्हरबद्दल कोणीच बोलत नाहीये. त्याच्यात गोळ्या भरणं म्हणजे वैताग. उजवीकडची छोटी खिडकी उघडा, पुढची दांडी फिरवून आत ढकला, एक रिकामं काडतूस पडलं, सिलिंडर एक घर फिरवा, परत ढकला, असं सात वेळा, आणि मग सात नव्या गोळ्या एकेक करून. थंडीत बोटं बधिर असताना हे करून बघा म्हणजे सरकारी हत्यारावरचं प्रेम कळेल. ब्रिटिशांच्या एनफिल्ड रिव्हॉल्व्हरची वेगळीच गंमत. रणगाड्यात आतल्या खटपटीत हॅमरचं (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या खटक्याचं) टोक अडकतं म्हणून ते टोकच उडवून टाकलं, मग हॅमर अंगठ्याने मागे ओढायची सोय गेली, दर गोळीला जड ट्रिगर ओढत बसा. पण एक आहे, रणगाड्याच्या झाकणातून बाहेर पडताना रायफल काय दातात धरणार का? तिथे पिस्तूलच.

धुरळा:
हां, रणगाडेवाल्यांचं मान्य. ज्याचे हात दुसऱ्या कामात अडकलेत त्याला पिस्तूल ठीक. मी पायदळाबद्दल बोलत होतो.

तिरकस:
आता पायदळ! वर नुसतं "सैनिकांना" लिहिलंय, स्क्रोल करून बघा. आणि खंदकात शिरताना लांब रायफल वळतही नाही, तिथे पायदळवालाही पिस्तूलच शोधायचा.

धुरळा:
मग व्हिएतनामचं सांगा. शत्रूच्या बोगद्यांत शिरणारे अमेरिकन सैनिक, म्हणजे पिस्तुलाची खरी गरज असलेलेच लोक, त्यातल्या कित्येकांना ४५ नको होतं, बंद बोगद्यात त्याच्या आवाजाने कान बसायचे. ते ३८ चं रिव्हॉल्व्हर मागायचे.

जुनंखोड:
म्हणजे फिलिपिन्समध्ये ज्याला शिव्या घातल्या तेच बोअर परत. घ्या!