ओम्नीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर बॉक्स) गेलाय म्हणतात, नवा टाकू का आधी अजून काही बघू?

गुहागरवाला:
नमस्कार मंडळी. आमची ओम्नी आहे, २००९ची, पेट्रोल एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), एम एच ०८ पासिंग. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो, आंब्याच्या पेट्या आणि काजू चिपळूणला पोचवायला हीच गाडी. १५ वर्षं झाली म्हणून मागेच ५००० भरून पुढच्या ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन करून घेतलंय, त्यामुळे भंगारात काढायचा विषयच नाही.

प्रॉब्लेम असा की सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पंधरा वीस मिनिटं बरी पळते, मग झटके देते आणि घाटात नेमकी बंद पडते. बॉनेट तर नाहीच हिला, सीट उचलून अर्धा तास इंजिन थंड केलं की परत चालू. त्यात पेट्रोलचा वास येतो, मागून काळा धूर, अ‍ॅव्हरेज १४ वरून ९ वर आलंय. मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोल पंप बदलला, तरी तेच, आता म्हणतो ईसीएम गेला, नवा मागवावा लागेल, वीस हजाराच्या आसपास जाईल. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना चार हजारात मिळेल असं एक मित्र म्हणतोय. सीझन तोंडावर आहे, खरंच ईसीएमच गेलाय हे कळायचं कसं? कोणी केलंय का हे काम?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक:
दादा आधी ऑर्डर थांबवा. माझं वायरिंगचंच काम आहे आणि ईसीएम गेला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सात आठ गाड्यांचा ईसीएम चांगला असतो, गेलेली असते ती अर्थिंग (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी), नाहीतर रिले नाहीतर सेन्सर. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू हे लक्षण तर क्रँक किंवा कॅम सेन्सरचं (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) पण आहे, तुमच्या इंजिनात जो असेल तो. बंद पडल्या पडल्या लगेच एक प्लग काढून स्पार्क बघायचा, थंड व्हायची वाट बघायची नाही, कारण थंड झाली की पुरावा गेला. स्पार्क पण नाही आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) पण मारत नाही असं असेल तर सेन्सर, मेन रिले, अर्थ या बाजूला जायचं.

आणि मल्टिमीटर घ्या, साधा तीनशे चारशेचा चालेल. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५. आता महत्त्वाचं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ईसीएमच्या अर्थच्या वायरला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या खाली यायला पाहिजे. जास्त आलं तर अर्थ खराब, मग ईसीएमला सगळ्या सेन्सरचे आकडे चुकीचे दिसतात आणि तो बिचारा चुकीचंच पेट्रोल सोडतो. लोक कंटिन्युइटीचा बीप ऐकून अर्थ ओके म्हणतात, एका तारेवर टिकलेली वायर पण बीप देते, लोड टाकल्याशिवाय कळत नाही.

दोन गोष्टी सांगा. कधी एलपीजी किट होतं का? आणि एवढ्यात गाडीला पत्रा मारलाय का, वेल्डिंग?

गुहागरवाला:
एलपीजी किट होतं, २०१६ ला काढलं. वेल्डिंग पण झालंय, दिवाळीनंतर, ड्रायव्हर बाजूचा फ्लोअर पूर्ण सडला होता, इथल्या खाऱ्या हवेत पत्रा टिकतच नाही. बॅटरी काढली होती का ते माहीत नाही, मी तिथे नव्हतो. आता आठवतंय तर झटके त्यानंतरच सुरू झाले, पण मी दोन्हीचा संबंध लावला नव्हता.

नाशिक_जुनी_गाडी:
किट काढलं म्हणजे टाकी आणि रेग्युलेटर काढला, वायरी कुठे काढतात. माझ्या गाडीत इंजेक्टरच्या वायरी मध्ये कापून किटचा बॉक्स जोडला होता, काढताना त्याच वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, तीन चार पावसाळ्यांनी आत हिरवी पूड झालेली. इंजेक्टरपासून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत जा, जिथे टेप जाड लागेल तिथे उघडा. पिळलेला जॉइंट असेल तर कापून सोल्डर करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह घाला.

कुर्ल्याच्या ईसीएमबद्दल, घ्यायचाच तर तुमच्या बॉक्सच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट. प्लग बसतो म्हणजे चालेल असं नाही. २००९ साली मुंबई पुण्यात बीएस ३ (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचा नियम) सक्तीचं होतं आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात बीएस २ चालत होतं, बाकी देशाला बीएस ३ २०१० ला लागलं. म्हणजे मुंबईच्या भंगारातला बॉक्स आणि तुमचा बॉक्स एकाच वर्षाचे असून पण वेगळे निघू शकतात. मी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून, नंबर जुळवून, चालला नाही तर परत घेणार हे बोलून मगच पैसे दिले होते.

पीसीबी_ठाणे:
मी ईसीयू (म्हणजे ईसीएमच) रिपेअरचंच काम करते म्हणून लिहितेय. वेल्डिंगचं वाचून मला काळजी वाटली. वेल्डिंगचा करंट शेकड्यात असतो, अर्थचा चिमटा लांब लावला की तो करंट मिळेल त्या रस्त्याने परत जातो, अगदी ईसीएमच्या बारीक अर्थ वायरीतून सुद्धा. त्यात ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (ईसीएमच्या आतला, इंजेक्टर चालू बंद करणारा भाग) जातो. बरेचदा पूर्ण मरत नाही, अर्धवट लीक होतो आणि गरम झाला की जास्त लीक. इंजेक्टरला प्लस कायम मिळतो आणि ईसीएम फक्त मायनस जोडतो सोडतो, त्यामुळे तो ट्रान्झिस्टर लीक झाला की तेवढा एक इंजेक्टर उघडा राहतो. तुमचा काळा धूर आणि वास त्यातून आलेला असू शकतो.

हे घरी तपासता येतं. गाडी गरम करून बंद करा, तिन्ही प्लग काढून शेजारी ठेवा, एकच काळा ओला आणि बाकी दोन बरे असतील तर त्या इंजेक्टरचा कपलर काढा. कपलरच्या ईसीएमकडून येणाऱ्या वायरला एलईडीवाला टेस्टर लावा, बल्बवाला नको, टेस्टरचा चिमटा बॅटरीच्या प्लसला. इग्निशन ऑन, इंजिन बंद. पेटायला नको. पेटला तर इग्निशन ऑफ करून बॅटरीचं मायनस सोडा, ईसीएमचा प्लग काढा, मायनस परत लावा आणि बघा. अजून पेटतोय म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, विझला म्हणजे ईसीएम.

आणि कृपया हे झाल्याशिवाय दुसरा ईसीएम लावू नका. इंजेक्टर नाहीतर इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर नवा पण त्याच दिवशी जाईल. इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहम दाखवतात, तिन्ही एकमेकांच्या जवळ पाहिजेत. ऑइलची कांडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास असेल तर ऑइल आधी बदला, पातळ ऑइलवर चालवलीत तर बेअरिंग जातील आणि मग ईसीएम स्वस्त वाटेल.

गुहागरवाला:
रविवारी सगळं केलं, भावाला सेल्फवर बसवला. अर्थवर सेल्फ मारताना १.४ व्होल्ट!! वेल्डिंगवाल्याने अर्थचा बोल्ट काढून नव्या पत्र्यावर रंगाच्या वरूनच परत बसवला होता. रंग खरवडला, बोल्ट नवा टाकला, वरून ग्रीस लावलं, आता ०.०५ येतंय. टेपचे दोन जॉइंट सापडले, ते सोल्डर केले. त्यानंतर गाडी बंद पडलेली नाही, काल चिपळूण जाऊन येऊन केलं. मिरजवाले दादा, खूप खूप आभार.

पण धूर थोडा आहेच. मधल्या सिलिंडरचा प्लग ओला. ताई तुम्ही सांगितलं तसं टेस्टर लावला, थंड असताना काही नाही, गरम झाल्यावर मंद पेटतो, ईसीएमचा प्लग काढला की विझतो. इंजेक्टर १४.१, १३.८, १४.०. ऑइलला वास होता, बदललं. आता बॉक्स तुमच्यासारख्यांकडे पाठवू का कुर्ल्याचा आणू?

पीसीबी_ठाणे:
छान तपासलंत. मग इंजेक्टर बरा आहे आणि ईसीएमचा मधला ड्रायव्हर गेलाय, म्हणजे ईसीएम खराब आहेच, पण एका चॅनलपुरता. रिपेअरच करा असं मी सांगेन, आणि माझा धंदा आहे म्हणून नाही. गाडीला इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) असेल तर चावीची ओळख ईसीएममध्ये सेव्ह असते, दुसरा बॉक्स लावला की चावी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर सेल्फ फिरेल आणि गाडी चालू होणार नाही. स्वतःचाच बॉक्स दुरुस्त होऊन आला की हा प्रश्न येत नाही. जवळ चिपळूण कोल्हापूरला कोणी बोर्ड लेव्हलचं (बॉक्स उघडून आतले भाग बदलायचं) काम करत असेल तर तिथेच द्या, कोल्हापुरात उद्यमनगरला चौकशी करा. विचारताना एवढंच विचारा की ड्रायव्हर बदलल्यावर बेंचवर लोड लावून, गरम करून चालवून दाखवणार का. नुसतं सोल्डर परत गरम करून देणारा असेल तर देऊ नका.

काढताना आधी बॅटरीचं मायनस, मग प्लग, वायर धरून ओढायचं नाही. पिना हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पॉलिश पेपर अजिबात नको. लावताना उलट क्रम, आणि पहिले काही किलोमीटर आयडल (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वर खाली होईल, तेवढ्याने घाबरू नका.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक:
ताईंनी बरोबर सांगितलं. मी फक्त एक सांगतो, पुढच्या वेळी पत्रा मारायचा असेल तेव्हा स्वतः उभे रहा. बॅटरी सोडायची, ईसीएमचा प्लग काढून बाजूला बांधायचा, आणि वेल्डिंगचा चिमटा जिथे काम चाललंय त्याच्या वीतभर अंतरावर उघड्या लोखंडाला.

गुहागरवाला:
बॉक्स आज काढला, थर्माकोलमध्ये गुंडाळलाय, उद्या सकाळच्या एसटीने भाऊ कोल्हापूरला घेऊन जातोय. तोवर पेट्या शेजाऱ्यांच्या टेम्पोने. आला की प्लगचा फोटो टाकतो इथे.