कातकामासाठी बँडसॉ कोणता घ्यावा? (बजेट ४० हजार)

ओला_ओंडका:
नमस्कार मंडळी. लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) १२ इंच स्विंगचा आहे, म्हणजे १२ इंच व्यासापर्यंतचं काम चढतं. वाडगे, लाटणी, पोळपाट, जमलं तर छोट्या पेट्या. लाकूड बहुतेक ओलंच मिळतं: आंबा, शिरीष, बाभूळ, कधी फणस. वाडग्याचे ठोकळे गोल कापायला आणि अधूनमधून फळी फाडायला बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत) हवाय. सिंगल फेज. ४० हजार, ताणून ४५. चाक १० इंची की १२ इंची?

शिसवप्रेमी:
१४ इंची. त्याखालचं सगळं खेळणं. आमचा कास्ट आयर्न, दीड एचपी, कापायची उंची ६ इंच. रायझर ब्लॉक (खांब उंच करणारा तुकडा) टाकला की १२ इंच होते, फक्त पातं साडेत्र्याण्णवऐवजी १०५ इंचांचं लागतं. बजेट वाढवा.

वखारीशेजारी:
चाकाच्या इंचांवर जाऊ नका. पातं ते खांब हे अंतर गोल कापताना फारसं आडवं येत नाही. ठोकळ्याचा मध्य पात्याच्या उजवीकडे राहतो, खांबाकडे जातात ते टाकाऊ कोपरे. अडतं ते उंचीला. वरचा गाईड (पातं सरळ धरणारा, वरखाली सरकणारा भाग) पूर्ण वर नेल्यावर टेबलापासून किती जागा उरते, ते दुकानात टेप लावून बघा. बऱ्याच १० इंचींत ४ ते ५ इंच मिळतात. १२ इंची लेथवर ५-६ इंच जाडीचा ठोकळा सहज चढतो, म्हणजे लेथ रिकामा आणि बँडसॉ अडलेला.

अनिवासी_रंधा:
मिशिगनमध्ये आहे. माझा रायकॉन कंपनीचा १४ इंची, पावणेदोन एचपी, १३ इंच उंची. लोण्यासारखा कापतो. भारतात परतताना आणणार आहे.

बेल्टपुली:
@अनिवासी_रंधा आणा, पण मोटर ६० हर्ट्झची असेल तर ५० वर सहाव्या हिश्शाने हळू फिरेल. पुली बदलावी लागेल. आणि दादा, ते ४० हजार म्हणतायत.

ओंडकाभाऊ, बटाळा किंवा राजकोटकडची जुनी कास्टिंगची मशीन बघा. थ्री फेज असली तरी व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज करून देणारा ड्राइव्ह) चालते. आधी मोटरचा डबा उघडा. वाइंडिंगची सहा टोकं बाहेर असतील तर डेल्टा (त्रिकोणी जोडणी) करून सिंगल फेज व्हीएफडीच्या २३० व्होल्टवर घेता येते. तीनच असतील आणि स्टार (एका बाजूची तिन्ही टोकं एकत्र) आतच बांधला असेल, तर रिवाइंडिंगवाल्याकडे.

वेगाचा हिशोब: १४ इंची चाकाचा परीघ सुमारे १.१२ मीटर. १४४० ची मोटर, तिच्यावर ३ इंची पुली, चाकाला ६ इंची, म्हणजे चाक ७२० फेरे, पातं मिनिटाला साधारण ८०० मीटर. लाकडाला ठीक.

शिसवप्रेमी:
तेच म्हणतोय, १४ इंची घ्या.

फणसाची_फळी:
मशीनवर वाद घालताय, कापतं पातं! ओल्या लाकडाला अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात, दातांची फाक (दात आलटून पालटून बाजूला वळवलेले असतात ती) मोठी. बारीक दाताचं घेतलंत तर ओला भुसा दातांमधल्या खाचेत ठासून बसतो, पातं तापतं, मग वाकडं चालतं. लोक म्हणतात गाईड बिघडला. आणि फणसाचा चीक. दर कामानंतर चाकाच्या रबरावरचा थर खरवडा, नाहीतर पातं चाकावर मधोमध राहत नाही. बेअरिंगच्या गाईडमध्येही तो जाऊन बसतो, म्हणून ओल्यासाठी मला साधे ब्लॉकवाले बरे वाटतात.

वखारीशेजारी:
पाती वखारीत जोडून मिळतात, स्वस्त पडतात. पण जोडानंतर पुन्हा गरम करून सावकाश थंड केलं का ते विचारा. नाहीतर जोडाशेजारची पट्टी कडक राहते आणि तिथेच तुटते. जोड घासून सपाट हवा, नाहीतर गाईडमधून जाताना टकटक.

सातबारा:
वनखात्याचं काय? २०१६ च्या केंद्राच्या लाकूड उद्योगांच्या मार्गदर्शक सूचनांत बँडसॉचं नाव आहे. गोल ओंडके फाडून विकणार असाल तर आधी परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

शिसवप्रेमी:
घरच्या मशीनला कोण विचारतंय!

सातबारा:
शेजारी विचारतो. मग खातं.

बेल्टपुली:
धागा भरकटला. महत्त्वाचं राहिलं: आख्खा गोल ओंडका टेबलावर आडवा ठेवून कापू नका. पातं खाली ओढतं, ओंडका गरकन फिरतो, पातं पिळवटून तुटतं, आणि हात जवळ असला तर बघायलाच नको. आधी चेनसॉने उभा दोन भाग करा, गाभ्याची पट्टी काढून टाका (तडा तिथूनच सुरू होतो), सपाट बाजू खाली. वर ६ मिमी प्लायची गोल चकती एका स्क्रूने लावा आणि तिच्या कडेने कापा. गाईड ठोकळ्याच्या सर्वांत उंच भागापेक्षा बोटभरच वर. मागचा बेअरिंग पात्यापासून अर्धा मिमी, बाजूचे कागदाच्या जाडीइतके, आणि दातांच्या मागेच.

ओला_ओंडका:
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं, वर्कशॉप माडीवर आहे आणि जिना लाकडी. १४ इंची कास्टिंग वर चढणार नाही. १० इंची घेतोय, अर्धा एचपी, उंची साडेचार इंच. मोठे ठोकळे खाली अंगणात चेनसॉने अष्टकोनी करून थेट लेथवर. पातं अर्ध्या इंचाचंच लावू ना?

शिसवप्रेमी:
माडी हे आधी सांगायचं ना राव! वर्षात विकाल.

फणसाची_फळी:
अर्धा इंच नको. १० इंची फ्रेम तेवढं पातं नीट ताणू शकत नाही आणि लहान चाकावर जाड पट्टी लवकर तडकते. ३/८ इंच, ४ दात, पट्टी ०.०२० इंच जाडीची. दीड इंच त्रिज्येपर्यंत वळते, वाडग्याला पुरे. ओली बाभूळ साडेचार इंच उंचीची असेल तर अर्धा एचपी रडेल. ढकलू नका, मोटरचा आवाज खाली गेला की थांबा. काम झालं की ताण सैल करा.

ओला_ओंडका:
३/८ची दोन मागवतो. पाती जोडून देणाऱ्याला लांबी कशी सांगायची?

वखारीशेजारी:
दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर दुप्पट, अधिक चाकाचा व्यास गुणिले ३.१४. वरचं चाक त्याच्या सरकण्याच्या निम्म्यावर ठेवून मोजा.