सायकसची कुंडी बदलायची आहे

ए-६०२: गेटजवळच्या सायकसची, म्हणजे त्या पामसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाची, १२ इंची कुंडी तडकलीये, मुळं भोकातून बाहेर आलीत. माळीदादा रविवारी १८ इंचीत लावू म्हणतायत. चालेल ना?

बी-३०४: १८ नको रे, १४ बास. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि बुंधा कुजतो. आधी बघ, मधून नवी पानं निघतायत का? निघत असतील तर ती कडक होईपर्यंत हात लावू नकोस, कोवळी पानं वाकडी झाली की तशीच राहतात.

ए-६०२: नाही काकू, सगळी जुनीच आहेत.

सी-१०१: मग पाऊस लागायच्या आत उरका. लाल माती २ भाग, जाड रेती २ भाग, गांडूळखत १ भाग. रेती चाळून धुवून घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालू नका, जुलैत ते सुकतच नाही. तळाला खडीचा थरही नको, भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

ए-६०२: आणि काढायचं कसं?

सी-१०१: दोन दिवस पाणी बंद. पानं वर गोळा करून सुतळीने बांधा, टोकं सुईसारखी लागतात. कुंडी तशीही गेलीये, फोडूनच टाका. पानं धरून ओढायचं नाही. काळी, मऊ मुळं कापा. वरच्या बाजूला पोवळ्यासारखे गुच्छ दिसतील, ते रोग समजून छाटू नका. त्यातले सूक्ष्मजीव झाडाला नत्र देतात.

बी-३०४: बुंधा आधी जेवढा बाहेर होता तेवढाच ठेव. पुरला तर कुजलाच म्हणून समज. पाणी एकदा भरपूर, मग वरची दोन इंच माती सुकल्यावरच, तेही गाभ्यात न ओतता. खत दोन महिने नाही.

डी-२०५: बुंध्याच्या बाजूला पिल्लं, म्हणजे छोटी रोपं फुटलीत, एक मिळेल?

सी-१०१: घ्या की. पिरगळून काढा, जखम आठवडाभर सावलीत सुकू द्या, मग नुसत्या रेतीत. मुळं धरायला महिने लागतात.

डी-२०५: याचाच साबुदाणा ना?

बी-३०४: छे! आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. सायकस मुळापासून बीपर्यंत विषारी, कुत्र्याने चघळलं तर यकृत जातं. तुमच्या ब्रूनोपासून लांब ठेवा. आणि कुंडीखाली ताटली नको, पावसाळ्यात पालिकेवाले डासांच्या अळ्या शोधत येतात.

ए-६०२: ठीक. १४ इंची सांगतो. उचलायला रविवारी ९ वाजता दोघं जण या, हातमोजे घालून.