मदत हवी आहे: दारू एकदम सोडलेला पेशंट तालुक्याच्या ओपीडीत कुठवर सांभाळावा?

बालाघाटचा डॉक्टर

नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस, धारूर-केज पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस करतो. चार खाटा, एक सिस्टर, रात्री मी एकटाच. इथे मानसोपचारवाले आणि जुने जाणते प्रॅक्टिशनर येतात, म्हणून धागा काढतोय.

श्रावण लागला की आमच्याकडे एक ठरलेला पेशंट येतो. वर्षभर रोज पिणारा माणूस गटारीला शेवटची घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून 'महिनाभर शिवणार नाही' म्हणून एकदम बंद करतो. सप्त्यात माळ घातलेल्यांचंही तेच. आधी हात कापतात, घाम सुटतो, उलट्या, झोप नाही. मग एखाद्याला फिट येते आणि घरचे म्हणतात, उपास झेपला नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालायला लागल्या, मेलेला चुलता दारात उभा दिसायला लागला की 'बाहेरचं' म्हणून आधी देवऋषी, मग मी. तोवर अंगात ताप, नाडी एकशेतीसच्या वर आणि माणूस अंगावरचे कपडे ओढतोय.

असा पेशंट मी ठेवून घेत नाही. चिठ्ठी देऊन सरळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजला गाडीत बसवतो. माझा प्रश्न त्याचा नाही, चालत येणाऱ्याचा आहे.

या आठवड्यातलाच एक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चाळिशीचा, ऊसतोड करणारा, रोज दोन क्वार्टर. कालपासून बंद. हात पुढे करायला सांगितले तर बोटं लटलटा कापतात. पाण्याचा ग्लास टेबलावरच राहू दिला आणि तोंड खाली नेऊन प्याला. भान मात्र पूर्ण, तारीख-वार बरोबर सांगतो. "साहेब, एक सलाईन लावा, जरा ताकद येऊ द्या, मग सोडतोच." बायकोने मला बाहेर बोलावलं. "ह्यांना न कळता चहात टाकायची गोळी असती म्हणतेत. तेवढी द्या, लई उपकार होतील." अंबाजोगाईचं नाव काढलं की दोघंही गप्प. दिवस बुडतो, भाडं लागतं आणि 'येड्याच्या डॉक्टरकडं' गेल्याचं गावभर होतं.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये आली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात असं त्यात आहे. उरलेले सदतीस कुठे आहेत? आपल्याच बाकावर, ॲसिडिटी, कंबरदुखी आणि बीपीचे पेशंट म्हणून. 'रेफर केलं' असं केसपेपरवर लिहून माझी जबाबदारी संपते हे मला पटत नाही, कारण तो जात नाही हे मला लिहितानाच माहीत असतं.

तर विचारायचं ते असं. चालत आलेल्याला घरी ठेवून उपचार करायचे की नाही, हे कशावरून ठरवता? त्या बाईला काय उत्तर देता? आणि कापरं थांबल्यावर पुढे काय? या तिसऱ्याबद्दल आम्हाला कॉलेजात जवळजवळ काहीच शिकवलं नाही.

पुडीवाले, 'फोनवरून दारू सोडवा'वाले यांनी कृपया लांब राहावे.

मनोविकारवाला, लातूर

डॉक्टर, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो.

'दारू पिता का' याला उत्तर 'कधीमधी' असंच येणार. त्याऐवजी विचारा: शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्या उठल्या लागते का? मागे सोडली होती तेव्हा काय झालं होतं? या तीन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो. कापरं साधारण सहा-आठ तासांत सुरू होतं, फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते, आणि भ्रम-ताप-बेभान अवस्था ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. म्हणजे तुमच्या पेशंटचा धोका अजून पुढे आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलट जोर लावत राहतो. रस्सीखेचीत समोरच्याने दोर एकदम सोडावा तसं होतं.

प्रमाण क्वार्टरीतच विचारा, पेग कुणी मोजत नाही. विदेशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीत साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल होतं. दोन क्वार्टर म्हणजे १२० ग्रॅम, हे थोडं नव्हे.

घरी कुणाला ठेवायचं? भान शाबूत, मागे कधी फिट किंवा भ्रम नाही, ताप नाही, कावीळ किंवा पोटात पाणी नाही, डोक्याला मार नाही, घरात न पिणारं एक जबाबदार माणूस, आणि पहिले चार-पाच दिवस रोज तुमच्याकडे येण्याची तयारी. यातलं एक जरी नसेल तर भरती. सीवा स्केलची (दारू सोडल्यावरच्या त्रासाला गुण देणाऱ्या तक्त्याची) छापील प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवा. दहा बाबी असतात, पाच मिनिटांत होतं. आठ-दहा गुणांच्या खाली गोळीविनाही निभावतं, वीसच्या पुढे घरी ठेवू नका.

औषध क्लोरडायझेपॉक्साइड, झोपेच्या गोळीच्याच जातीचं, मेंदू शांत करणारं. लिव्हर खराब किंवा वय झालेलं असेल तर लोराझेपाम. सुरुवातीला २५ मिलीग्रॅम दिवसातून चार वेळा आणि लक्षणं बघत पाच ते सात दिवसांत उतरवत बंद, हा साधारण साचा. भारी पिणाऱ्याला जास्त लागतं, म्हणून तर रोज बघायचं. गुंगीत असेल तर पुढचा डोस थांबवायचा, आणि या गोळीवर दारू प्यायला तर श्वास मंदावू शकतो हे नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून सांगायचं.

आता सलाईन. आपल्याकडे पिलेला माणूस आला की डीएनएस (ग्लुकोज-मिठाचं सलाईन) चढतंच. महिनोन् महिने जेवणावर वासना नसलेल्या माणसात थायमिन (बी-वन जीवनसत्त्व) संपलेलं असतं. अशात नुसतं ग्लुकोज दिलं तर वर्निके हा मेंदूचा आजार होऊ शकतो: गोंधळ, डोळे नीट न फिरणं, झोकांड्या. हा माणूस 'अजून उतरली नाही' म्हणून कोपऱ्यात झोपवला जातो आणि स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून आधी थायमिन, इंजेक्शननेच, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही. कुपोषित पेशंटला रोज २०० ते ३०० मिलीग्रॅम, तीन ते पाच दिवस. वर्निकेची शंका आली तर ५०० मिलीग्रॅम शिरेतून दिवसातून तीनदा, आणि गाडी बोलवा. मल्टीव्हिटॅमिन टाकलेल्या पिवळ्या सलाईनच्या रंगावर विसंबू नका. शुगर खरंच खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोजसाठी थांबू नका, दोन्ही बरोबर द्या.

बाकीचं रात्री लिहितो, ओपीडी आहे.

सोयगावकर

नसती आफत ओढवून घेताय. मीही तालुक्यालाच आहे. एकाला झोपेची गोळी लिहिली की आठवड्यात दारात दहा जण, 'साहेब, तीच द्या'. बटनचा (नशेसाठी खाल्ल्या जाणाऱ्या गोळ्यांचा) धंदा आपल्या संभाजीनगरात किती बोकाळलाय हे पेपरात वाचतोच. वर पेशंट वेटिंगमध्ये ओकला, भांडला, की बाकीची बायामाणसं उठून जातात. भावना पटते, पण चार खाटांच्या दवाखान्याने हे करू नये असं माझं मत.

सिस्टर, परभणी

सोयगावकर सरांची भीती खोटी नाही, पण त्याला उपाय आहे. आमच्या सरांकडे गोळ्या एका वेळी दोन दिवसांच्याच मिळतात आणि त्या पेशंटच्या हातात नाही, बायकोच्या किंवा आईच्या हातात. रिकामी स्ट्रिप आणली तरच पुढच्या. कागदावर शेवटची तारीख आधीच लिहिलेली असते. गोळी शेड्यूल एच-वनची (कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीतली), मेडिकलवाल्यालाही नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते, म्हणून चिठ्ठी फोटो काढून फिरवता येत नाही. नुसतं 'झोप येत नाही' म्हणणाऱ्याला सर अल्प्राझोलाम लिहीतच नाहीत.

आणि यांना आम्ही दुपारी दोनला बोलावतो, गर्दी ओसरल्यावर. ओकला तर मी बघून घेते.

मनोविकारवाला, लातूर

सिस्टरनी लिहिलेलं तसंच्या तसं उचला.

चहातली गोळी म्हणजे डायसल्फिराम. कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी जंतांवरच्या औषधाचा शोध घेताना ती स्वतः घेऊन पाहिली होती, वर दारू पोटात गेल्यावर तोंड लाल, छाती धडधड, जीव घाबरा झाला. १९४८ मध्ये त्यांनी ते लॅन्सेटमध्ये छापलं. त्यांना निदान आपण काय घेतलंय ते माहीत होतं. तुमच्या पेशंटला माहीत नसेल तर तो एकाच वेळी दोन क्वार्टर रिचवेल. बीपी कोसळतं, हृदयविकार असेल तर जीव जातो, आणि हे सगळं बायकोने केलेल्या चहामुळे झालं असं गाव म्हणणार. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

त्या बाईला झिडकारू नका मात्र. तिला म्हणा, 'गोळी आहे, पण त्यांना सांगून द्यायची. रोज सकाळी तुमच्यासमोर घ्यायची.' नवरा राजी असेल, शेवटच्या घोटाला निदान बारा तास झाले असतील, हृदय आणि लिव्हर ठीक असेल, तर हीच गोळी चांगली चालते. ती चालते याचं कारण बायकोसमोर घेण्यात आहे.

कापरं थांबल्यानंतरचं औषध म्हणून मी नालट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारी गोळी) आधी बघतो. ५० मिलीग्रॅम, रोज एक, आधी लिव्हरची तपासणी. एकच गोळी असल्याने खेड्यात टिकते. त्याच कामाचं अकॅम्प्रोसेट लिव्हरला बरं, पण किडनी बघावी लागते आणि ३३३च्या दोन-दोन गोळ्या तीनदा, म्हणजे दिवसाला सहा. उसाच्या फडात सहा गोळ्या कोण खातंय? नालट्रेक्सोनवर असलेल्याला ट्रॅमाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) चालत नाही, हे लाल शाईने लिहा. आपल्याकडे कंबर दुखली की ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन हमखास असतं. आधीच ट्रॅमाडॉल चालू असेल तर सात ते दहा दिवस मोकळे गेल्याशिवाय नालट्रेक्सोन सुरू करू नका.

कोरडा माणूस, जालना

मी डॉक्टर नाही, पिणारा होतो. तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

कापरं थांबलं की माणसाला वाटतं, आपण जिंकलो. तिथूनच घसरतो. मी कितीदा तरी सोडली आणि धरली. भाऊबंदांनी एकदा एका व्यसनमुक्तीच्या नावाच्या जागी नेऊन टाकलं होतं, तिथं पायात साखळी होती. तिथून सुटल्यावर पहिली गाडी देशीच्या दुकानावरच थांबली.

मला उपयोग झाला तो आमच्या गावच्या साध्या डॉक्टरचा. ते दर पंधरवड्याला बीपी मोजायला बोलवायचे. दारूचा विषय काढायचे नाहीत, वजन बघायचे, झोप विचारायचे. मध्ये एकदा पिऊन गेलो तरी तपासलं, म्हणाले, 'आलास ना, बस.' शिव्या घरी भरपूर मिळतात हो, दवाखान्यात नको असतात. पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मिटिंगला जायला लागलो. पैसे नाहीत, आडनाव विचारत नाहीत. बायका-पोरांसाठी अल-अनॉन असतं, तेही सांगत जा. पुण्याला मुक्तांगणला जायची ऐपत आणि रजा प्रत्येकाला नसते, मिटिंगला चालत जाता येतं.

घाटीतला जुना

साखळीवरून: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू-अंमली पदार्थांच्या वापरातून होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत आणि साखळदंडाने बांधायला सरळ बंदी आहे. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव पेशंटला देण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का विचारा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा माणूस गाठून ठेवा, फोनवर बरंच काम होतं. पेशंट जात नसेल तर तुमच्याच खोलीतून टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा) लावून द्या, १४४१६. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही फुकट.

बालाघाटचा डॉक्टर

सगळ्यांचे आभार. अपडेट: सीवा बारा आला. मागे फिट नाही, लिव्हर बरं, बायको खंबीर. रोज दुपारी दोनला यायचं कबूल करून घेतलं, थायमिन सुरू, गोळ्या दोन दिवसांच्या. काल आला तेव्हा ग्लास एका हाताने उचलला. गोळी चोरून द्यायची नाही म्हटल्यावर बाई आधी हिरमुसली. मग दोघांना समोर बसवलं, तर तोच म्हणाला, "हिच्याच हातानं घेतो."

सोयगावकर, वेटिंगचं म्हणणं मान्य. म्हणूनच दुपारची वेळ ठेवली.

आता अडचण पुढची. दसरा-दिवाळीला हे जोडपं कोयता घेऊन कारखान्यावर जाणार, ते पाडव्याच्या आसपास परत. उचल घेतलीय, न जाऊन चालत नाही. फडावर मुकादमच संध्याकाळी बाटली देतो. पाच-सहा महिन्यांचं काय करू?

मनोविकारवाला, लातूर

डायसल्फिराम देऊन फडावर पाठवू नका. मुकादमाने आग्रह केला आणि हा प्याला, तर जवळ दवाखाना नसतो. नालट्रेक्सोनवर ठेवा. जाण्याआधी लिव्हर पुन्हा तपासा. महिन्याची औषधं बरोबर द्या, गोळ्या बायकोच्या पिशवीत, मुकादमाच्या ताब्यात नाही. पुढच्या महिन्याच्या गावाकडून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर पाठवा आणि त्या दिवशी फोनवर दोघांशी बोला. फोनवर सर्दी-खोकल्यासारखंच विचारायचं, 'या महिन्यात किती वेळा झाली?' प्याला म्हणाला तरी गोळी चालूच ठेवायची.

आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड करा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकोकडे. मराठीत, आणि कर्नाटकात जाणार असतील तर कन्नडमध्येही: हा पेशंट नालट्रेक्सोनवर आहे, ट्रॅमाडॉल किंवा अफूजन्य वेदनाशामक देऊ नये, दुखण्याला पॅरासिटामॉल द्यावं, आणि खाली तुमचा नंबर. फडावर कोयता लागणं रोजचं आहे, टाके घालणारा डॉक्टर आधी ते कार्ड बघेल.