खांद्याचं ऑपरेशन होऊन ९ आठवडे झाले, हात वर जात नाहीये. ठाण्यात फिजिओ सुचवा आणि अनुभव सांगा

पोखरणची बाई

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात पोखरण रोड नंबर २ ला राहते, वय ५१, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. जानेवारीत जिन्यात पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले, आधी महिनाभर मुका मार समजून बाम चोळत बसले, मग एमआरआय केला तर रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे आतले छोटे स्नायू, फाटलेलं निघालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हाडात अँकर, म्हणजे छोटी खिळी, टाकून शिवलंय. ६ आठवडे स्लिंग होता, तो निघून आता ३ आठवडे झालेत.

प्रॉब्लेम असा की दुसऱ्या कुणी हात धरून वर नेला तर बऱ्यापैकी वर जातो पण माझा मी उचलायला गेले की खांद्याच्या रेषेत येऊन थांबतो आणि अख्खा खांदा कानाकडे चढतो. घराजवळ एका क्लिनिकमध्ये ११ सिटिंग झाली, तिथे रोज मशीन लावून पडदा ओढून जातात, मग ५ मिनिटं दोरी ओढायला सांगतात की झालं. गेल्या आठवड्यात अचानक १ किलोचं डंबेल हातात दिलं, त्या रात्री ३ वाजेपर्यंत डोळा लागला नाही. मिस्टर म्हणतात वजन उचलल्याशिवाय ताकद कशी येणार, घरीपण कर. मला भीती वाटतेय.

१५ जूनला शाळा सुरू होतेय. फळ्यावर लिहिता येईल का मला? आणि ठाण्यात किंवा जवळपास नीट हाताने व्यायाम करून घेणारं कुणी आहे का? प्लीज सांगा.

नेरूळकर_६०

ताई, आधी ते डंबेल कपाटात ठेवून द्या. आजच. आणि सर्जनना फोन करून सांगा की असं असं झालं, रात्रभर दुखलं, ते बोलावतील तर जाऊन दाखवून या.

माझं हेच ऑपरेशन २ वर्षांपूर्वी झालं, उजवाच खांदा. दहाव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं होतं म्हणून मला वाटलं आता सगळं जुळलं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सवयीने स्कूटर मेन स्टँडला घेतली. आतून कट्कन काहीतरी झालं. घाम फुटला हो. नशिबाने सोनोग्राफीत टाके शाबूत निघाले पण २ आठवडे परत स्लिंग आणि त्या दोन आठवड्यात आधी कमावलेली हालचालही गेली. तेव्हा सर्जननी सांगितलं ते अजून डोक्यात आहे, दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं असं नाही, दुखणं आधी जातं आणि जुळणं मागाहून येतं.

मला सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला सांगू, जेवणाच्या टेबलाने. टेबलावर नॅपकिन पसरायचा, त्यावर ऑपरेशनचा हात पालथा ठेवायचा, आणि हात पुढे ढकलायचाच नाही, आपण कमरेतून पुढे वाकायचं, कपाळ टेबलाकडे न्यायचं, हात नॅपकिनसकट आपोआप सरकत जातो. शेवटाला ५ आकडे थांबायचं आणि परत. १० वेळा, दिवसातून ३-४ वेळा. बायकोने टेबलाच्या काठावर सेलोटेपची एक पट्टी लावली होती, बोटं जिथे पोचली तिथे. दर रविवारी पट्टी पुढे सरकायची. काही रविवार जागची हलली नाही, पण मागे कधी गेली नाही.

नवी मुंबईत यायची तयारी असेल तर नेरूळला डी. वाय. पाटीलची फिजिओथेरपी ओपीडी आहे, कामोठ्याला एमजीएमची आहे. कॉलेजच्या ओपीडी आहेत, वेळ लागतो, नंबर लावावा लागतो, पण शिकणारी मुलं शेजारी बसून एकेक व्यायाम मोजून करून घेतात आणि वर सीनियर बघायला असतात. मी ट्रान्सहार्बरने ठाण्याला नोकरीला जायचो म्हणून मला परतीच्या वाटेत पडायचं.

ऐरोली फिजिओ

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्वतःची जाहिरात करत नाही पण तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट वाचून राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्याने उचलला तर जातो आणि स्वतः उचलला तर अडतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. कुणीच वर नेऊ शकत नसेल तर सांधा आखडलाय. दुसऱ्याला नेता येतोय आणि तुम्हाला नाही, म्हणजे वाट मोकळी आहे पण ओढणारे स्नायू अजून कमजोर आहेत. ९ आठवड्यांना हे बऱ्याच जणांत दिसतं, घाबरू नका. फक्त एक विचारते, आधी जेवढा जात होता तेवढाही डंबेलच्या दिवसापासून जात नाहीये असं झालंय का? तसं असेल तर थांबू नका, सर्जनना लगेच दाखवा, कारण टाके परत सुटायचा धोका पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच जास्त असतो.

आत काय चाललंय ते थोडक्यात. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे ४ छोटे स्नायू असतात, तेच रोटेटर कफ. त्यातल्या एकाचं टोक हाडापासून सुटलं होतं, ते अँकरने परत हाडाला बांधलं. पण टाके फक्त धरून ठेवतात, हाडाला चिकटायचं काम शरीराचं आणि त्याला साधारण १२ आठवडे लागतात, पक्कं व्हायला ६ महिने ते वर्ष. म्हणून बहुतेक सर्जन पहिले ६ आठवडे दुसऱ्याने हलवायचं, ६ ते १२ स्वतः हलवायचं, आणि वजन किंवा रबर बँड १२ नंतर असा क्रम देतात. फाट मोठी असेल तर त्याहून उशिरा. तुमच्या डिस्चार्ज कार्डसोबत असा कागद असेल, नसेल तर मागून घ्या आणि ज्या फिजिओकडे जाल त्यांच्या हातात द्या. तो कागद न बघता व्यायाम सुरू करणाऱ्याकडे जाऊ नका.

खांदा कानाकडे का चढतो? हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरच्या पंख्यासारख्या हाडातून, स्कॅप्युलातून. कफ कमजोर असला की मानेचा मोठा स्नायू पुढे येऊन सगळं ओझं स्वतः घेतो आणि अख्खा खांदा उचलतो. तशाच चढलेल्या खांद्याने रोज ५० वेळा हात उचललात तर शरीर तेच शिकून बसतं.

यावर आम्ही झोपून सुरुवात करतो. उताणं झोपायचं, दोन्ही हातात लांब छत्री किंवा झाडूचा दांडा धरायचा, चांगल्या हाताने ऑपरेशनचा हात छताकडे आणि मग डोक्याकडे न्यायचा. झोपून हात छताकडे सरळ उभा असला की तो हाडांवर तोललेला असतो, स्नायूला कमी खेचावं लागतं. हे सहज जमलं की दांडा सोडून नुसता हात. ते जमलं की पाठीला ३-४ उशा लावून अर्धवट टेकून तेच. मग बसून, आरशासमोर. खांदा चढताना दिसला की तिथेच थांबायचं, त्याच्या पुढचं त्या दिवशी मोजायचं नाही. हे सगळं पण सर्जनच्या परवानगीनंतर.

मशीन वाईट नाही, दुखणं थोडं कमी होतं, पण मशीनने हात वर जात नाही. नवीन ठिकाणी विचारा की माझ्यासोबत व्यायामाला किती वेळ बसणार, आणि पहिल्याच दिवशी हाताचे अंश मोजून लिहून ठेवले की नाही ते बघा. फिजिओचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असतं, नंबर विचारायला लाजू नका.

शुगर आहे का तुम्हाला?

कळवेकर दादा

कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे तिथे फिजिओथेरपी विभाग आहे, आमच्या आईला तिथेच नेत होतो. गर्दी असते, सकाळी लवकर जा. बाकी ताई रात्री झोपताना कोपराखाली उशी घ्या, कोपर मागे लोंबकळलं की खांदा ओढला जातो आणि मग रात्र जाते. आईचा हाच त्रास होता, आम्हाला महिनाभर कळलंच नाही.

वाशीची मावशी

आमच्याकडे एक मालीश करणारे आहेत, गरम तेलाने रगडून चार दिवसात मोकळं करतात. माझा खांदा आखडला होता तेव्हा गुण आला.

ऐरोली फिजिओ

मावशी, तुमचा आखडलेला खांदा होता, शिवलेला नव्हता. ताईंनी कृपा करून हे करू नये. कुणीही जोरात रगडायचं किंवा झटका देऊन ओढायचं नाही. व्यायामाआधी १० मिनिटं गरम शेक आणि नंतर दुखलं तर १०-१५ मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून, एवढं पुरे.

पोखरणची बाई

सगळ्यांचे खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. सर्जनकडे जाऊन आले. सोनोग्राफी केली, टाके ठीक आहेत. डंबेल १२ आठवडे होईपर्यंत पूर्ण बंद म्हणाले आणि कागद पण दिला, तो आधी मागितलाच नव्हता मी.

फिजिओ ताई, शुगर आहे हो. एचबीए१सी, ती तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ७.९ आलंय.

ऐरोली फिजिओ

मग ते पण खांद्याच्याच उपचारात धरा. शुगर जास्त असली की सांधा आखडायची शक्यता वाढते आणि टेंडन, म्हणजे स्नायूचं ते शिवलेलं टोक, जुळायलाही वेळ लागतो. फिजिशियनना भेटून घ्या. आणि जेवणात प्रोटीन किती जातंय बघा, नुसती भाजी पोळी होत असेल तर मूग, मटकी, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी.

घणसोलीची टीचर

मीपण शिक्षिका, डावा खांदा ३ वर्षांपूर्वी. फळ्याचं सांगते, कारण हे डॉक्टरांना सांगून समजत नाही. हात वर न्यायचा नाही, आपण वर जायचं. मी वर्गात एक रुंद लाकडी पाट ठेवला होता, न हलणारा, त्यावर उभं राहिलं की फळ्याचा मधला भाग छातीसमोर येतो. कोपर अंगाजवळ ठेवून लिहायचं आणि हात पुढे न सरकवता आपणच बाजूला सरकायचं. वरची ओळ, तारीख, सुविचार, पटसंख्या मुलांकडून लिहून घ्यायची, त्यांना तर तेच हवं असतं. फळा पुसायचं काम अजिबात नाही, पुसताना हात नकळत ताणला जातो. दप्तर आणि वह्यांचा गठ्ठा पण मुलांकडे.

रिक्षात उजवा हात आतल्या बाजूला येईल असं बसा आणि पुढचा दांडा उजव्या हाताने धरू नका. पावसाळ्यात घोडबंदरचे खड्डे माहितीयत ना, एक गचका बसतो आणि आपण घट्ट धरतोच. मी पर्स मुद्दाम मांडीवर त्या हातात धरायचे म्हणजे हात दुसरीकडे जायचाच नाही.

कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. पुढून बटणाचे कुर्ते शिवून घ्या दोन-तीन.

पोखरणची बाई

पाटाची आयडिया किती छान. आमच्या शिपाई काकांना सांगितलं, ते स्टेजचा एक जुना ठोकळा आणून देतायत.

पोखरणची बाई (जुलैअखेर)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. आज १६ आठवडे पूर्ण. क्लिनिक बदललं, वसंत विहारला एक मॅडम मिळाल्या, पहिल्या दिवशी त्यांनी कागद वाचला, अंश मोजले, स्वतःहून उचलल्यावर ८५ होते. मशीन नाहीच. पहिले १० दिवस सगळं झोपूनच करून घेतलं, छत्री घेऊन. मग उशांना टेकून. आरशासमोर बसायला लागले तेव्हा खांदा चढायचा आणि मला रडू यायचं, त्या मागून एक बोट खांद्यावर ठेवायच्या, दाबायच्या नाहीत, नुसतं ठेवायच्या, आणि खांदा बोटाला लागला की मला कळायचं. आता घरी मुलगी ठेवते बोट. काल मोजलं, १४०. गेल्या आठवड्यापासून पिवळा रबर बँड सुरू केलाय, कोपर आणि अंगाच्या मध्ये नॅपकिनची घडी दाबून हात बाहेर फिरवायचा, घडी पडली की तो मोजायचा नाही.

शाळेत ठोकळ्यावर उभी राहून लिहितेय. अक्षर अजून तिरकं जातं खाली. पहिलीतल्या एका मुलीने विचारलं बाई तुम्ही उंच का झालात.

एक राहिलंय. हात मागे जात नाही. ब्लाऊजचे हुक, केसांना मागून क्लिप, काहीच नाही. अंगठा जेमतेम कमरेच्या बाजूला पोचतो. हे नॉर्मल आहे का?

ऐरोली फिजिओ

१४०! फार छान ताई, खूप आनंद झाला.

हात मागे जाणं सगळ्यात शेवटी येतं, बहुतेकांना ६ महिन्यांच्या आसपास आणि कुणाला वर्ष लागतं. जोर लावू नका, कारण मागे ओढलं की शिवलेल्या भागावरच ताण येतो. मॅडमना विचारून टॉवेलचं सुरू करा, चांगला हात डोक्यामागून, ऑपरेशनचा हात खाली पाठीशी, दोघांत टॉवेल, वरच्या हाताने हळूहळू वर. ताण वाटला पाहिजे, कळ नाही. नंतरचा ठणका तासा-दोन तासांत उतरला तर ठीक, दुसऱ्या सकाळीही राहिला तर तुमचं जास्त झालं, एक दिवस सोडून निम्मं करा.

घणसोलीची टीचर

मला हुक लावायला ८ महिने लागले. तोवर पुढून हुकवाले ब्लाऊज शिवले आणि अजूनही तेच घालते, बरे पडतात. शिंप्याला जुने ब्लाऊज देऊन मागचं पुढे करून मागा, नवे शिवायची गरज नाही.