रेसिडेंट ईव्हिल २ (रीमेक): पोलीस ठाण्यात अडकलो आहे, जाणकारांची मदत हवी आहे

रेसिडेंट ईव्हिल २ या झोंबींच्या भीतिदायक व्हिडिओ गेमचा २०१९ साली आलेला रीमेक (नव्याने घडवलेली आवृत्ती) मी सध्या खेळतो आहे आणि लिऑन या नायकाच्या पहिल्याच फेरीत अशा जागी येऊन थांबलो आहे की पुढे पाऊल टाकता येत नाही आणि सुरुवातीपासून पुन्हा खेळायला मन धजत नाही. हा खेळ ज्यांनी पूर्ण केला आहे त्यांनी कृपया मार्ग सुचवावा. कोड्यांची उत्तरे आणि कुलपांचे आकडे मात्र सांगू नयेत. ते माझे मलाच शोधायचे आहेत.

आधी माझी स्थिती नेमकी सांगतो. काठिण्यपातळी स्टँडर्ड आहे. तिन्ही पदके मिळवून मुख्य दालनातील पुतळ्याखालचा रस्ता उघडला, तळघरातील यंत्रखोलीत बर्किन या राक्षसाशी झालेली झुंज कशीबशी जिंकली, कोठडीतील पत्रकाराचा शेवटही पाहिला आणि कोठडीच्या विद्युत फलकासाठी लागणारे दोन सुटे भाग शोधायला ठाण्यात परत आलो. कोसळलेल्या हेलिकॉप्टरची आग विझवली, आणि त्याच बोळातून जाताना ते अख्खे हेलिकॉप्टर एका हाताने बाजूला सारून मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस समोर उभा राहिला. तेव्हापासून गेले तीन दिवस मी फक्त पळतो आहे. पिस्तुलाच्या ११ गोळ्या, शॉटगनची ४ काडतुसे, एक हिरवी औषधी वनस्पती आणि आता तुटेल की मग तुटेल अशा अवस्थेतला सुरा एवढाच ऐवज जवळ आहे. प्रकृतीची रेषा नारिंगी झाली आहे. सामानाच्या पेटीत गोळ्या बनवायच्या साध्या गनपावडरचे तीन डबे, पिवळ्या उच्च प्रतीच्या गनपावडरचा एक डबा आणि खिडक्यांना ठोकायच्या दोन फळ्या पडून आहेत. पावडर पुढे कधीतरी जास्त गरज भासेल म्हणून वापरलेली नाही. फळ्या का वापरल्या नाहीत, याला खरे सांगायचे तर काही उत्तर नाही.

मोठे दातेरी चाक आणि जॅकचा दांडा दोन्ही हाती आले आहेत. म्हणजे आता वाचनालयातील कपाटे सरकवून वरच्या मजल्यावरून घड्याळाच्या मनोऱ्यात पोहोचायचे आहे, इतके मला कळते. पण कपाट सरकवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो मला देत नाही. कपाटाला हात लावावा, तर शेजारच्या बोळातून ती जड पावले ऐकू येऊ लागतात. मग दारावर थाप, दार उघडते, आणि तो मान वाकवून आत येतो. वाचनालयातून पळून दुसऱ्या बोळात शिरावे, तर तिथे छताला लिकर हा लांब जिभेचा राक्षस चिकटलेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

माझी अडचण काही अंशी जुन्या सवयींची आहे, असे मला वाटू लागले आहे. १९९८ चा मूळ खेळ मी दोन्ही डिस्कवर, लिऑन आणि क्लेअर दोघांच्याही बाजूंनी, इतक्या वेळा पूर्ण केला होता की ठाण्याचा नकाशा मला तोंडपाठ होता. त्या खेळात कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला असे, दार उघडताना ते हलणारे दार स्वतंत्रपणे पडद्यावर दिसे, आणि दार ओलांडले की मागचे संकट मागच्याच खोलीत राहत असे. मोकळा केलेला बोळ बराच काळ मोकळा राहील, हा ठोकताळाही सहसा चुकत नसे. शिवाय मिस्टर एक्स तेव्हा फक्त दुसऱ्या फेरीत येत असे. त्यामुळे पहिल्या फेरीत त्याची गाठ पडणारच नाही, अशा निर्धास्त समजुतीत मी बर्किनवर शॉटगनची जवळजवळ सगळी काडतुसे उधळून बसलो. या रीमेकमध्ये झोंबी दारे ढकलून मागे येतात, खिडक्यांतून नवे आत शिरतात, आणि मेला म्हणून सोडून दिलेला तासाभराने उठून बसतो.

एक उदाहरण देतो. तळमजल्यावरच्या पश्चिमेकडील बोळात एका झोंबीच्या डोक्यात मी मोजून पाच गोळ्या घातल्या. तो पडला. मी दोन क्षण थांबून पाहिले, हालचाल नव्हती. त्याच्यावरून ओलांडून जाताना त्याने घोटा धरला, आणि तो सोडवण्यात सुऱ्याची उरलीसुरली धार गेली. जुन्या खेळात मेलेल्या झोंबीखाली रक्ताचे थारोळे पसरले की काम संपल्याचे कळत असे. येथे तशी कोणतीही खूण मला सापडलेली नाही.

सेव्हच्या बाबतीतही चूक माझीच आहे. स्टँडर्ड पातळीवर सेव्ह करण्याच्या टाइपरायटरला शाईच्या फिती लागत नाहीत, हवे तितक्या वेळा सेव्ह करता येते. पण मी प्रत्येक वेळी त्याच एका जागेवर सेव्ह करत गेलो. त्यामुळे मागे जायचे म्हटले तर थेट नवा खेळच सुरू करावा लागेल. चार-पाचदा मेल्यावर खेळाने असिस्टेड या सोप्या पातळीवर उतरण्याची विचारणा केली होती, ती मी नाकारली. अभिमान म्हणा किंवा हट्ट म्हणा.

तेव्हा प्रश्न असे. एवढ्या सामग्रीवर ठाण्यातून बाहेर पडणे शक्य आहे का, की नव्याने सुरुवात करणेच शहाणपणाचे ठरेल? मिस्टर एक्सला काही काळ तरी दूर ठेवण्याचा खात्रीचा उपाय आहे का? मुख्य दालनात टाइपरायटर आहे म्हणून मी ते सुरक्षित समजून तेथे विसावलो होतो, आणि तो सरळ आत आला; मग सुरक्षित खोल्या ओळखायच्या कशा? गनपावडर आताच वापरावी का? आणि जाता जाता एक: खांद्यामागच्या या कॅमेऱ्याने अर्ध्या तासात मळमळू लागते, त्यावर सेटिंगमध्ये काही करता येते का?

प्रतिसाद:

नव्याने सुरुवात करण्याची काहीही गरज नाही. ११ गोळ्यांवर ठाणे पार होते. फक्त त्या गोळ्या झोंबी मारण्यासाठी आहेत, हा विचार आधी डोक्यातून काढून टाकावा लागेल. या खेळात गोळी म्हणजे वाट काढण्याचे साधन. झोंबी आडवा आला तर डोक्यावर एक गोळी झाडावी, तो मागे झुकला की त्याच क्षणी बाजूने निघून जावे. ज्या बोळातून पुन्हा पुन्हा जावे लागणार आहे तेथे पायावर नेम धरावा. गुडघ्यापासून पाय तुटला की तो सरपटत राहतो आणि त्याला वळसा घालणे सोपे जाते. नेम धरताना चालू नये. उभे राहिले की नेमाच्या रेषा आपोआप जवळ येतात, आणि त्या पूर्ण मिटल्यावर सुटलेली गोळी अधिक घाव करते. घाईत झाडलेल्या पाच गोळ्यांपेक्षा अशी एक बरी. पडलेल्या झोंबीबद्दल शंका असेल, तर तो धरू शकेल इतक्या जवळून जाऊच नये.

मिस्टर एक्सविषयी. तो कायमचा मरत नाही. भरपूर गोळ्या घातल्या तर थोडा वेळ गुडघ्यावर बसतो, पण तो सौदा आपल्याला परवडणारा नाही. (त्याची टोपी गोळीने उडवता येते आणि तो मोह सगळ्यांनाच होतो. आपण तूर्त आवरावा.) महत्त्वाचे हे की आपण नेमके कुठे आहोत याचा माग तो बराचसा आवाजावरून काढतो. गोळीचा आवाज झाला की तो त्या दिशेने निघतो, म्हणून वाचनालयाच्या आसपास बंदूक चालवूच नये. हेडफोन वापरावेत. पावले वरच्या मजल्यावर आहेत की शेजारच्या खोलीत, हे त्यांत स्वच्छ कळते. तो आत आलाच तर दाराकडे धावण्याऐवजी त्याला वाचनालयाच्या मधल्या कपाटांभोवती एक फेरा मारू द्यावा. त्याने हात उगारला की हाताखालून निसटावे, दुसऱ्या दाराने बाहेर पडावे आणि दोन खोल्या ओलांडून शांत उभे राहावे. त्याने माग सोडला की सावकाश परत यावे. मी स्वतः कपाटे एका दमात सरकवलेली नाहीत. एक सरकवायचे, फेरा, पुन्हा एक.

मुख्य दालनाबद्दल फसलेले आपण पहिले नाही. टाइपरायटर असूनही ते दालन सुरक्षित नाही. टाइपरायटर असलेल्या लहान, बंद खोल्यांमध्ये मात्र तो शिरत नाही. पश्चिमेकडील जिन्याजवळची छायाचित्रे धुण्याची अंधारखोली आपल्याला सर्वांत जवळ पडेल. घड्याळाच्या मनोऱ्यातही तो माझ्या खेळात कधी आलेला नाही, त्यामुळे एकदा तेथे पोहोचलात की श्वास घ्यायला उसंत मिळेल. लिकर आंधळा असतो, पण त्याचे कान तिखट असतात. त्याच्याखालून अगदी हळू चालत जावे, दिवा अंगावर पडला तरी त्याला पर्वा नसते. अडचण तेव्हाच होते जेव्हा मागून मिस्टर एक्स येत असतो आणि आपल्याला धावावे लागते. म्हणून त्या बोळाची वाटच टाळावी.

गनपावडर आजच वापरावी. दोन साधे डबे एकत्र केले की पिस्तुलाच्या गोळ्या होतात, आणि साधा व पिवळा एकत्र केला की लिऑनला शॉटगनची काडतुसे मिळतात. आपल्याकडे तीन साधे आणि एक पिवळा आहे, म्हणजे हिशेब बरोबर जमतो. दोन्ही फळ्या पश्चिमेकडील बोळाच्या खिडक्यांना ठोकाव्यात. तेथून येणारे झोंबी थांबले की निम्मा त्रास संपतो.

आणि सर्वांत आधी नकाशा उघडून पाहावा. ज्या खोलीत अजून काही घ्यायचे राहिले आहे ती लाल दिसते, सगळे घेऊन झाले की निळी होते. जी वस्तू आपण पाहिली पण उचलली नाही, तिची खूणही नकाशावर राहते. जुना नकाशा पाठ असलेल्यांना हा नवा नकाशा वाचण्याची सवय नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. तसेच ज्या चावीचे काम संपले आहे तिच्यावर लाल खूण येते. ती टाकून दिली तरी चालते. मोठे चाक जवळच्या सामानाचे दोन खाने अडवते, तेव्हा एक खानाही मोलाचा आहे. पश्चिमेकडील कार्यालयातील तिजोरी उघडली नसेल तर उघडावी. आकडे सांगत नाही, पण त्यातून खाने वाढतात एवढे सांगायला हरकत नसावी.

प्रतिसाद:

मळमळीबद्दल: पडद्याच्या सेटिंगमध्ये मोशन ब्लर, लेन्स डिस्टॉर्शन आणि क्रोमॅटिक ॲबरेशन ही तिन्ही बंद करावीत. फिल्म ग्रेनही बंद करून पाहावे. कॅमेरा फिरण्याचा वेग थोडा कमी करावा. मला तेवढ्याने फरक पडला. अंधार फार वाटतो म्हणून चकाकी वाढवली असेल तर ती पूर्ववत करावी. करड्या अंधारात डोळे अधिक शिणतात आणि टॉर्चचा उपयोगही कळेनासा होतो.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री नकाशा उघडून बसलो आणि ओशाळलो. ज्या ठाण्यात मला ‘काहीच उरले नाही’ असे वाटत होते, त्यात सात खोल्या लाल होत्या. एका खोलीत तर जागा नाही म्हणून मी स्वतःच सोडून दिलेली हिरवी वनस्पती अजून तशीच होती, नकाशावर तिची खूण होती, आणि ती खोली अंधारखोलीपासून वीस पावलांवर. खिशात इस्पिकच्या चिन्हाची चावी घेऊन मी फिरत होतो. तिच्यावर केव्हाची लाल खूण आलेली होती.

पावडर मिसळली, फळ्या ठोकल्या, आणि सेव्ह या वेळी नव्या जागेवर केले. वाचनालयात आपण सांगितल्याप्रमाणे कपाटांचा फेरा केला. पहिल्या वेळी वळताना कपाटाला अडलो आणि एक ठोसा खाल्ला. दुसऱ्या वेळी त्याने हात उगारल्यावर खालून निसटलो, दाराबाहेर जाऊन थांबलो. पावले जिन्याने खाली उतरत गेली, मग दूर कुठेतरी एक दार वाजले. परत येऊन दुसरे कपाट सरकवले. एकही गोळी न झाडता मनोऱ्यात पोहोचलो. तेथे तो आला नाही.

कोठडीच्या फलकाचा पहिला सुटा भाग आता हाती आहे, पिस्तुलाच्या गोळ्या येताना होत्या त्यापेक्षा जास्त आहेत, आणि सेटिंग बदलल्यापासून सलग दीड तास खेळलो तरी मळमळले नाही. दुसऱ्या भागासाठी पूर्वेकडची एक लाल खोली आधी पाहणार आहे. असिस्टेड पातळीची विचारणा पुन्हा आलीच, तर या वेळी नाकारण्याआधी निदान एकदा विचार करीन.