मॅकग्रेगर २६एक्स घ्यायची आहे, बॅलास्ट टाकी भरून चालवायची की रिकामी?

डेल्टाकर
नमस्कार मंडळी. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहतो, एक जुनी मॅकग्रेगर २६एक्स बघून आलोय, १९९९ ची, ५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आणि ट्रेलरसकट. आमच्या एसयूव्हीने ओढता येते, मरीनाचं भाडं वाचतं, शीडही आहे आणि मोटरवर पळतेही, त्यामुळे घरात सगळ्यांना पसंत आहे. पण मालक म्हणाला की डेल्टात (इथल्या नद्यांच्या मुखाकडच्या शांत पाण्यात) आम्ही बॅलास्टची, म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून वजनासाठी भरायची पाण्याची टाकी भरतच नाही, आणि शीड लावायचं असेल तेव्हा अर्धी भरली तरी भागतं. हे कितपत खरं? दुसरं म्हणजे डॉकला बांधलेली असताना कडेच्या डेकवर पाय ठेवला तर एकदम कलली, बायकोने तिथेच विचारलं की ही उलटणार तर नाही ना. आणि मला मुळात एक कळत नाहीये, पाण्यात तरंगणाऱ्या बोटीत पाणीच भरून वजन कसं मिळणार, शिसं असतं तर समजलं असतं. जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत, आम्ही दोघं आणि दोन मुलं धरून सहा जण होतो. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

निवृत्त_चीफमेट, पुणे
आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो कारण तो समजला की बाकीचं आपोआप सुटतं. पाणी पाण्यात हलकं होतं हे खरं, पण बोटीच्या आत टाकीत बंद केलेलं पाणी हा बोटीचाच भाग होतो. बोट तेवढी खाली बसते, एकूण वजन वाढतं आणि गुरुत्वमध्य खाली येतो. बोट कलली की बुडलेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो, वजन मात्र आपल्या जागीच खाली ओढत असतं. या दोन रेषांमधलं आडवं अंतर गुणिले बोटीचं वजन, ही झाली सरळ करणारी ताकद. तुमच्या २६एक्सची कोरी बोट साधारण २,३५० पाउंडांची, तिच्यात १,४०० पाउंडांच्या आसपास पाणी जातं, म्हणजे केवढा फरक पडतो बघा. शिशाची कील (बोटीच्या तळाला लावलेला जड पंखा) दीड मीटर खाली लटकत असते म्हणून ती लवकर जोर धरते, इथे टाकी पायाखालच्या फरशीखालीच आहे, म्हणून सुरुवातीला बोट पटकन कलते आणि पुढे कल वाढला की घट्ट होत जाते. जहाजावर अशा स्वभावाला आम्ही टेंडर म्हणतो. डॉकवर तुम्हाला जाणवलं ते हेच, आणि टाकी रिकामी असणार त्यामुळे जास्तच.

आता अर्धी टाकी. हे मात्र अजिबात करू नका, आणि मी हे जोर देऊन सांगतोय. परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा, परात जराशी तिरपी झाली की सगळं पाणी त्याच कडेला धावतं. अर्ध्या टाकीत तेच होतं, बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वजन पळतं आणि तिला आणखी कलवतं. याला फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात, आणि यात पाणी किती आहे यापेक्षा पाण्याचा मोकळा पृष्ठभाग किती रुंद आहे याला महत्त्व. रुंदी दुप्पट झाली तर परिणाम आठपट, कारण रुंदीचा घन येतो. तुमच्या टाकीसारखी चपटी आणि रुंद टाकी यासाठी सगळ्यात वाईट. ६ मार्च १९८७ ला बेल्जियममधल्या झीब्रुगच्या बंदराबाहेर हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरी पुढचा दरवाजा उघडा राहिल्याने गाड्यांच्या डेकवर पाणी शिरून काही मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. मोठं जहाज होतं ते. टाकी एक तर काठोकाठ भरलेली हवी नाहीतर पूर्ण रिकामी.

प्युजेट_साउंड
काकांनी फार छान समजावलंय. आमच्याकडे २६एम आहे, तुमच्या मॉडेलनंतर आलेली, तिच्यात पाणी १,१५० पाउंड आणि वर ३०० पाउंड कायमचं वजन घातलेलं असतं, म्हणजे टाकी रिकामी असली तरी थोडा आधार राहतो. एक्समध्ये तेवढाही नाही, म्हणून मालकाचं ऐकू नका.

कंपनीचीच सूचना आहे, टाकी भरलेली असेल तर सहा जण आणि रिकामी असेल तर जास्तीत जास्त चार जण, तेही शिडं काढलेली, लाटा एक फुटाच्या आत, सगळे खाली बसलेले, डेकवर कोणी नाही. ४ जुलै २००२ ला अमेरिकेतल्या लेक शँप्लेन या तलावावर एक मॅकग्रेगर २६ उलटली तेव्हा टाकी रिकामी होती, बोटीवर माणसं खूप होती, आणि केबिनमध्ये असलेली दोन लहान मुलं बाहेर येऊ शकली नाहीत. मुलं असलेल्या घराने हे वाचूनच पुढे जावं असं मला मनापासून वाटतं.

भरायची पद्धत सोपी आहे. मागचा व्हॉल्व्ह उघडा आणि पुढच्या बर्थखाली हवा सुटायचं भोक आहे त्याचा प्लग काढा, पाच-सहा मिनिटं लागतात. बोट खाली बसली म्हणजे भरली असं समजू नका. पुढच्या बर्थची गादी उचलून टॉर्च मारा आणि भोकात हाताचं बोट घाला, एक इंचाच्या आत पाणी लागलं पाहिजे. मग प्लग घट्ट लावा आणि व्हॉल्व्ह बंद, नाहीतर कलल्यावर वरून पाणी केबिनमध्ये येतं किंवा टाकीतलं निसटतं. विकत घेण्याआधी ट्रेलरवरच टाकी भरून तासभर ठेवा आणि व्हॉल्व्हपाशी थेंब पडतात का बघा, जुन्या बोटीत रबर सुकलेलं असतं.

डेल्टाकर
खूप आभार. मालकाला अर्धी टाकीबद्दल विचारलं तर म्हणतो इतकी वर्षं काही झालं नाही. असो. आता दोनच शंका, वाऱ्यात डॉकला लावताना ही बोट हाताळायला कशी आहे, आणि बे मध्ये गोल्डन गेटकडे नेली तर चालेल का?

प्युजेट_साउंड
डॉकिंग हीच या बोटीची खरी परीक्षा आहे. पाण्याखाली फारसं काही नाही, वर मात्र उंच भिंतीसारखी बाजू, त्यामुळे वेग मंदावला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याबरोबर वळायला लागते आणि रिव्हर्समध्ये तर विचारूच नका. सेंटरबोर्ड (तळातून खाली सोडायची फळी) थोडं खाली सोडा, दोन्ही रडर (सुकाणू) खाली ठेवा, मग तिला धरायला काहीतरी मिळतं. शक्य तेव्हा वाऱ्याच्या समोरून या आणि वेग थोडा राखा, अगदी रांगत आलात तर वारा तुमच्यासाठी निर्णय घेतो. पळवताना मात्र उलट, ताशी सहा मैलांच्या पुढे रडर आणि सेंटरबोर्ड वर घ्या, ती तेवढ्या वेगासाठी नाहीत. शीड लवकर छोटं करा, १२ नॉटच्या आसपास पहिला रीफ. २० अंशांपुढे कलली की वेग वाढत नाही, नुसती आडवी सरकते. जोराच्या झोताला मेनशीट (मुख्य शीड धरणारी दोरी) हातातून सोडता आली पाहिजे, बांधून ठेवू नका.

बर्कलेचा_मामा
मी बे मध्ये बरीच वर्षं मोनोहल (एकाच सांगाड्याची शिडाची बोट) चालवतो म्हणून लिहितो. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेट ते बर्कले या पट्ट्यात २०-२५ नॉट वारा नेहमीचाच, ओहोटी वाऱ्याच्या उलट असली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, पाणीही गार. आई-बाबांना घेऊन पहिल्या वर्षी तिथे जाऊ नका, डेल्टातच सकाळी लवकर निघा.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही. ऑक्टोबर २०२४ ला स्टॉक्टन बंदरात गोल्डन मसल हा बाहेरून आलेला उपद्रवी शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. तेव्हापासून कॅलिफोर्नियातले बरेच जलाशय बाहेरून ट्रेलरवर आलेल्या बोटी तपासतात, काही ठिकाणी क्वारंटाइनही आहे. तुमच्या बोटीत तर डेल्टाचं पाणीच टाकीत भरलेलं, तळाशी उरलेला ओलावा पण चालत नाही. रॅम्पवर नाक वर करून सगळं उतरू द्या, व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच घरी न्या, आणि लेकवर जाण्याआधी त्या त्या ठिकाणचे नियम बघा.

निवृत्त_चीफमेट, पुणे
मामांचा मुद्दा अगदी बरोबर. असे जीव बहुतेक जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातूनच फिरतात, म्हणून तर २००४ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे.

डेल्टाकर, रिकाम्या टाकीने कधी चालवावी हे मालकाच्या सवयीवरून ठरवू नका. शांत पाणी, जास्तीत जास्त चार माणसं, शिडं काढलेली आणि लांबचं अंतर मोटरवर कापायचं असेल तर ठीक. तुम्ही सहा जण असाल त्या दिवशी टाकी भरूनच, ताशी वीस मैलांऐवजी बारा मैलांनी जा. आई-बाबांना कॉकपिटमध्ये समोरासमोर बसवा, दोघं एकाच बाजूला नकोत, आणि मुलांना लाइफ जॅकेट डॉकवरच घालून मग बोटीत घ्या.